जुनी चिठ्ठी आणि बदललेलं शरीर

औषधांच्या दुकानात संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहिलं, तरी एक वाक्य हमखास कानावर पडतं : 'मागच्याच गोळ्या द्या, महिन्याभराच्या.' काउंटरवर घडी पडून पडून फाटायला आलेली चिठ्ठी असते. कधी तीही नसते, नुसतं रिकामं पाकीट पुढे केलं जातं. चिठ्ठीवरची तारीख दोन-तीन वर्षांपूर्वीची असते. मधल्या काळात त्या माणसाचं वय वाढलेलं असतं, वजन उतरलेलं असतं, रक्तदाबाची गोळी सुरू झालेली असते, गुडघ्यांसाठी अधूनमधून वेदनाशामक घेणं चालू असतं आणि बहुधा किडनीची ताकदही थोडी कमी झालेली असते. गोळी तीच राहिली, शरीर मात्र बदललं. मधुमेहाच्या औषधांच्या सुरक्षिततेचा बराचसा प्रश्न या तफावतीत सामावलेला आहे.

प्रश्न किती मोठा आहे, हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीवरून कळतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. म्हणजे तिथल्या दर चार प्रौढांमागे एकाहून अधिक. त्याच पाहणीत देशातल्या ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब असल्याचं दिसलं. हे दोन आजार एकाच घरात, एकाच देहात नांदतात. त्यांच्या मागोमाग हृदयविकार, किडनीचा विकार, यकृतातली चरबी, डोळ्यांच्या पडद्याचे आजार येतात. केवळ मधुमेह आणि दुसरं काहीही नाही, असा साठीचा रुग्ण शोधूनच काढावा लागेल. तरीही घरात, गप्पांत आणि कितीदा तरी दवाखान्यातही प्रश्न एवढाच विचारला जातो : 'शुगर किती उतरली?' ही गोळी कोणत्या शरीरात जाते आहे, हा प्रश्न मागे पडतो. तो पुढे आणण्यासाठी हा आढावा.

आकडा उतरला, माणसाचं काय?

साखर उतरवणारं औषध माणसालाही वाचवतंच, अशी वैद्यकशास्त्राची बराच काळ समजूत होती. तिला पहिला मोठा तडा १९७० साली अमेरिकेत गेला. अनेक विद्यापीठांनी मिळून केलेल्या एका दीर्घ अभ्यासात टोलब्युटामाइड ही त्या काळची प्रचलित गोळी घेणाऱ्यांमध्ये हृदयविकारानं होणारे मृत्यू अधिक दिसले. त्यावर वर्षानुवर्षं वाद झडला. त्याच दशकाच्या अखेरीस फेनफॉर्मिन हे औषध अमेरिकेतून बाद झालं, कारण त्यामुळे काही रुग्णांच्या रक्तात लॅक्टिक आम्ल साचून जीव जात होते. त्याचं धाकटं भावंड मेटफॉर्मिन फ्रान्समध्ये १९५७ पासून वापरात होतं, पण थोरल्याच्या बदनामीमुळे अमेरिकेत त्याला परवानगी मिळायला १९९४ उजाडलं. आज जगभर बहुतेक रुग्णांचं पहिलं औषध तेच आहे.

नंतर २००७ साली स्टीव्हन निसेन आणि कॅथी वोल्स्की यांनी ४२ चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून रोसिग्लिटाझोन या खपाच्या औषधामुळे हृदयाच्या झटक्याचा धोका वाढत असल्याचं मांडलं. भारतानं २०१० साली त्यावर बंदी घातली. पुढे हा धोका सुरुवातीला वाटला तेवढा नसावा, असं म्हणत अमेरिकेनं २०१३ मध्ये निर्बंध सैल केले, पण तोवर विचाराची दिशा बदलली होती. २००८ साली 'अकॉर्ड' या चाचणीनं आणखी एक धक्का दिला. दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या या चाचणीत तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीए१सी सहाच्या खाली आणण्याचा चंग बांधलेल्या गटात मृत्यू वाढले, ते साधारण २२ टक्क्यांनी. प्रयोगाचा तो भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. या रुग्णांपैकी अनेकांना आधीच हृदयविकार होता. निरोगी तरुणाला मानवेल अशी कडक शिस्त त्या शरीरांना मानवली नाही.

त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं नियम केला : मधुमेहाचं नवं औषध आणायचं, तर ते हृदयाला अपाय करत नाही हे दाखवा. अपाय शोधण्यासाठी सुरू झालेल्या या चाचण्यांतून अनपेक्षित लाभही हाती आला. २०१५ साली एम्पाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत सात हजार रुग्णांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू ३८ टक्क्यांनी आणि हृदय कमकुवत होऊन रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी घटलं. सुरक्षिततेचा आग्रह धरल्यामुळेच मधुमेहाच्या उपचारातला हा मोठा लाभ उजेडात आला.

किडनी : सगळा हिशेब इथून सुरू होतो

औषध पोटात जातं, काम करतं आणि बाहेर पडतं. त्यातलं हे बाहेर पडणं अनेक गोळ्यांच्या बाबतीत किडनीवर अवलंबून असतं. गाळणी मंदावली की औषध अंगात साचतं. जी मात्रा काल योग्य होती, ती आज जास्त ठरते. किडनीचं दुखणं मात्र दुखत नाही. निम्मी ताकद गेली तरी माणूस हिंडतो-फिरतो.

इथे एक नेहमीची चूक होते. रिपोर्टवर क्रिएटिनिन 'नॉर्मल' दिसलं की सगळे निश्चिंत होतात. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं. सत्तरीच्या किरकोळ बांध्याच्या आजींच्या अंगावर स्नायूच कमी, त्यामुळे किडनी मंदावली तरी त्यांचा आकडा फारसा चढत नाही. म्हणून वय आणि लिंग हिशेबात धरून काढलेला, किडनीच्या गाळणीचा वेग सांगणारा 'ईजीएफआर' हा आकडा बघावा लागतो. तो तीन महिन्यांहून अधिक काळ साठच्या खाली राहिला, तर तो किडनीचा जुनाट विकार समजतात. जोडीला लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जातं का, ही तपासणी लागते. या दोन तपासण्या वर्षातून एकदा झाल्याच पाहिजेत.

मेटफॉर्मिनबद्दलचा आजचा नियम असा. ईजीएफआर तीसच्या खाली गेला की ही गोळी बंद. तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान नव्यानं सुरू करू नये. आधीपासून चालू असेल, तर डॉक्टरांनी फेरविचार करून मात्रा साधारण निम्म्यावर आणावी. त्याच्या वर मात्र ती बहुतेकांना सुरक्षित आहे. 'मेटफॉर्मिननं किडनी खराब होते' ही गावोगावची समजूत उलटी आहे. ती गोळी किडनी बिघडवत नाही. बिघडलेल्या किडनीला ती बाहेर टाकता येत नाही. या गैरसमजापायी चांगली किडनी असलेले कितीतरी लोक स्वस्त आणि गुणकारी औषध सोडून देतात.

ग्लिबेनक्लामाइडची गोष्ट वेगळी आहे. जुनी, स्वस्त, साखर झटक्यात उतरवणारी ही गोळी शरीरात मोडल्यावर तिचे अंशही साखर उतरवत राहतात आणि ते बऱ्याच अंशी किडनीवाटे बाहेर जातात. किडनी मंद असलेल्या रुग्णाची साखर त्यामुळे धोकादायक पातळीपर्यंत घसरते आणि एकदा सावरूनही पुन्हा घसरते. हा धडा प्रत्येक घरानं लक्षात ठेवावा : अशा गोळीमुळे शुगर लो झालेला माणूस साखर-पाणी पिऊन ताजातवाना झाला, तरी तो सुटला असं नाही. रात्री झोपेत तो पुन्हा खाली जाऊ शकतो. त्याला रुग्णालयात देखरेखीखाली ठेवणं हाच मार्ग. याच कुळातल्या ग्लिक्लाझाइड आणि ग्लिपिझाइड या गोळ्या किडनीच्या रुग्णांत त्या मानानं बऱ्या. ग्लिमेपिराइड आपल्याकडे सर्वाधिक परिचयाची, पण तीही जपूनच द्यावी लागते.

इन्सुलिनचाही बराच भाग किडनी मोडून काढते. म्हणून किडनी निकामी होत जाते तशी इन्सुलिनची गरज कमी होते. काही घरांत तेव्हा आनंद होतो : 'बघा, पथ्य पाळलं तर इन्सुलिन कमी झालं!' कष्टाचं चीज झालं असं वाटणं स्वाभाविक आहे. पण काही कारण नसताना साखर आपोआप उतरू लागली, तर आधी किडनी तपासावी.

ग्लिप्टिन गटात लिनाग्लिप्टिनची मात्रा किडनीसाठी बदलावी लागत नाही. सिटाग्लिप्टिनची मात्रा ईजीएफआर पंचेचाळीसखाली निम्मी आणि तीसखाली पाव करावी लागते. विल्डाग्लिप्टिनही कमी करावं लागतं. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन हे तर किडनीचे रक्षक ठरले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या डापाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत किडनी वेगानं ढासळण्याचा किंवा किडनी वा हृदयाच्या विकारानं मृत्यूचा एकत्रित धोका ३९ टक्क्यांनी घटला. किडनी मंद असताना या गोळ्या साखर फारशी उतरवत नाहीत. 'शुगरला उपयोग नाही' म्हणून त्या बंद करणारे रुग्ण आपली ढालच बाजूला ठेवतात.

हृदय : सूज, धाप आणि लपलेली लक्षणं

पायोग्लिटाझोन इन्सुलिनचा परिणाम वाढवतं, यकृतातली चरबी कमी करतं आणि स्वस्तही आहे. पण ते अंगात पाणी धरून ठेवतं. हृदय कमकुवत असलेल्या माणसाला पायांवर सूज, रात्री उशा वाढवाव्या लागणं, चार पायऱ्यांत धाप लागणं, अशी लक्षणं त्यातून होतात. हृदयक्षमता घटलेल्यांना हे औषध देऊ नये, ही तंबी स्पष्ट आहे. उतारवयातल्या स्त्रियांची हाडं ठिसूळ होणं हा आणखी एक तोटा. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून भारतात जून २०१३ मध्ये त्याची विक्री थांबवली होती. काही आठवड्यांतच ती ठळक इशाऱ्यासह पुन्हा सुरू झाली. अडचण अशी की आपल्याकडे हे औषध तीन-तीन औषधांच्या एकत्र गोळीत दडलेलं असतं. रुग्णाला वाटतं, आपण एकच गोळी घेतो. पाय का सुजले, याचं उत्तर त्या पाकिटाच्या मागच्या बारीक अक्षरांत असतं.

ग्लिप्टिन गटातल्या सॅक्साग्लिप्टिननंही असाच इशारा दिला. २०१३ च्या मोठ्या चाचणीत ते घेणाऱ्यांमध्ये हृदय कमकुवत होऊन दाखल होण्याचं प्रमाण २७ टक्क्यांनी वाढलं. एका गटातलं एक औषध निर्धोक, म्हणून सगळी निर्धोक, असं धरून चालता येत नाही.

हृदयाच्या रुग्णांसाठी एक गोष्ट आणखी महत्त्वाची. साखर खाली गेली की छाती धडधडते, हात थरथरतात, दरदरून घाम सुटतो. हृदयासाठी किंवा रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या यातली धडधड आणि थरथर झाकून टाकतात. घाम मात्र झाकला जात नाही. म्हणून अशी गोळी घेणाऱ्या माणसाला भर दुपारी कारण नसताना घाम फुटला, तो असंबद्ध बोलू लागला, तर 'उन्हानं होतंय' म्हणून सोडून देऊ नये. आधी साखर मोजावी.

एका आजाराचं औषध, दुसऱ्याचा घोळ

मधुमेहाची गोळी एकटी फिरत नाही. दम्यासाठी, संधिवातासाठी किंवा त्वचाविकारासाठी स्टेरॉइड सुरू झालं की साखर चढते, आणि ती विशेषकरून दुपारनंतर चढते. सकाळच्या उपाशीपोटी तपासणीत ती सापडतच नाही. त्यावर उपाय म्हणून इन्सुलिन वाढवलं आणि पुढे स्टेरॉइड कमी करताना इन्सुलिन कमी करायला विसरलं, की साखर कोसळते. २०२१ च्या कोविड लाटेत महाराष्ट्रानं काळ्या बुरशीचं थैमान पाहिलं. अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइड ही त्यामागची मोठी कारणं होती. ती किंमत आपण विसरता कामा नये.

क्षयरोग हा आपल्या देशाचा जुना घाव. मधुमेह असलेल्याला क्षय होण्याचा धोका दुपटी-तिपटीनं जास्त. क्षयाच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या रक्तातून लवकर संपतात आणि साखर वाढते. आयसोनियाझिडमुळे हातापायांच्या नसा बधिरतात आणि तो त्रास मधुमेहाच्या नावावर खपतो. जोडीला ब-६ जीवनसत्त्व द्यावं लागतं. क्षयाचा कोर्स संपला की रिफॅम्पिसिनचा जोर ओसरतो आणि वाढवलेली मात्रा अंगावर येते. त्या वेळी पुन्हा तपासणी हवी.

साधा ताप-खोकला किंवा लघवीची जळजळही निष्पाप नसते. को-ट्रायमोक्साझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, बुरशीवरचं फ्लुकोनाझोल ही औषधं ग्लिमेपिराइडच्या कुळातल्या गोळ्यांचा प्रभाव वाढवून साखर अचानक उतरवू शकतात. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविकं साखरेला दोन्ही दिशांना हेलकावे देऊ शकतात. याच कुळातल्या गॅटिफ्लॉक्सासिनवर भारतानं २०११ मध्ये बंदी घातली, त्यामागेही साखरेचा हाच गोंधळ होता.

गुडघेदुखीची गोळी तर चिठ्ठीशिवाय सर्रास घेतली जाते. रक्तदाबाची काही औषधं, लघवी वाढवणारी गोळी आणि डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक असं त्रिकूट एकत्र आलं की किडनीचा रक्तपुरवठा आटतो. किडनी बसली की मेटफॉर्मिनपासून इन्सुलिनपर्यंत सगळं गणित बिघडतं. सुरुवात कुठून झाली, तर एका वेदनाशामक गोळीपासून.

मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होतं. शाकाहारी घरांत ते मुळातच कमी असतं. पायाला मुंग्या, जळजळ, तोल जाणं ही लक्षणं मग 'शुगरमुळे नसा गेल्या' म्हणून सोडली जातात. रक्ताच्या एका तपासणीनं कळणारी आणि साध्या उपचारानं बहुधा भरून निघणारी ही कमतरता आहे.

म्हातारपण आणि साखरेचा हट्ट

पंचाहत्तरीच्या माणसाला चाळिशीतल्या माणसाचं लक्ष्य लावणं हा अन्याय आहे. अमेरिकन डायबिटीस असोसिएशन धडधाकट वृद्धांसाठी एचबीए१सी साधारण ७ ते ७.५ च्या खाली, आणि अनेक आजार किंवा विस्मरण जडलेल्यांसाठी ८ च्या खाली पुरेसं मानते. त्याहून थकलेल्या माणसात तर आकड्याच्या मागे न लागता साखर फार चढू नये आणि मुळीच कोसळू नये, एवढंच बघायचं. कारण उतारवयात साखर कोसळली की माणूस पडतो, खुबा मोडतो, अंथरूण धरतो. ज्येष्ठांसाठी टाळायच्या औषधांच्या अमेरिकी यादीत २०२३ पासून ग्लिमेपिराइड-ग्लिबेनक्लामाइडचं पूर्ण कूळ पहिल्या-दुसऱ्या पसंतीतून वगळण्याचा सल्ला आहे. आपल्याकडे खर्चापायी ते पूर्ण टाळता येत नाही, हे खरं. पण आजीला विस्मरण आहे, जेवणाची वेळ पक्की नाही, ती एकटी राहते, हे डॉक्टरांना सांगणं घरच्यांच्या हातात आहे.

लक्ष्य मोजणारं माप तरी बरोबर आहे का? लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या पंडुरोगात एचबीए१सी खोटं वाढलेलं दिसू शकतं. किडनीच्या रुग्णांत, नुकतं रक्त चढवलेल्यांत आणि सिकलसेल हा रक्तविकार असलेल्यांत ते खोटं कमी दिसू शकतं. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली या पट्ट्यांत सिकलसेल मोठ्या संख्येनं आढळतो. तिथे एका आकड्यावर विसंबून गोळ्या वाढवणं वा कमी करणं धोक्याचं. बोटातून घेतलेल्या रक्ताची रोजची नोंद अशा वेळी अधिक खरं बोलते.

उपास, ऊन, ताप आणि शस्त्रक्रिया

आजारी दिवसांचे नियम वेगळे असतात, हे आपल्याकडे फार थोड्या रुग्णांना सांगितलं जातं. उलट्या-जुलाब, तीव्र ताप किंवा खाणं-पिणं बंद झालं असेल तेव्हा मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिनचा गट, लघवीची गोळी, काही रक्तदाबाच्या गोळ्या आणि वेदनाशामकं तात्पुरती थांबवावी लागतात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी उपाशीपोटी घेऊ नये. इन्सुलिन मात्र मनानं पूर्ण बंद करायचं नाही. टाइप १ च्या रुग्णांनी तर कधीच नाही. कोणती गोळी थांबवायची आणि केव्हा पुन्हा सुरू करायची, हे धडधाकट असतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. विदर्भातल्या उन्हाळ्यात, वारीच्या वाटेवर किंवा शेतातल्या कामात अंगातलं पाणी आटतं, तेव्हाही हाच सल्ला कामी येतो.

डापाग्लिफ्लोझिनच्या गटाचा एक धोका नीट समजून घ्यायला हवा. या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात. उपाशी राहिल्यावर, आजारपणात, दारूनंतर किंवा शस्त्रक्रियेच्या आगेमागे शरीर चरबी जाळू लागतं आणि रक्तात कीटोन आम्लं साचतात. भयंकर भाग असा की त्या वेळी साखर फारशी वाढलेली नसते. मळमळ, पोटदुखी, जोराचा श्वास असूनही ग्लुकोमीटर १८० दाखवतो आणि सगळे निर्धास्त राहतात. म्हणून नवरात्राचे नऊ दिवस, निर्जळी एकादशी किंवा रमझानचे रोजे धरण्याआधी या गोळीबद्दल डॉक्टरांशी बोललंच पाहिजे. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी ती थांबवतात. बारीक अंगाच्या, वजन उतरत चाललेल्या मधुमेहींत ही गोळी अधिक जपून द्यावी लागते, कारण त्यांच्या शरीरात इन्सुलिनच कमी असू शकतं. याच गोळीमुळे लघवीत साखर नेहमीच दिसते, तेव्हा त्या रिपोर्टनं घाबरू नये. गुप्तांगाची खाज हा नेहमीचा त्रास. लाजेपोटी तो लपवणाऱ्या स्त्रियांना सांगायला हवं की त्यावर साधा उपचार आहे. तिथे तीव्र वेदना, सूज आणि ताप असेल, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफीसाठी आयोडीनयुक्त द्रव टोचायचा असेल, तर मेटफॉर्मिन चालू असल्याचं आधी सांगावं. किडनी वा यकृत अशक्त असेल, तर गोळी त्या दिवशी थांबवून ४८ तासांनी किडनी तपासूनच पुन्हा सुरू करतात.

आणि शुगर लो झालीच, तर तीन चमचे साखर पाण्यातून देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, हा नियम बहुतेकांना माहीत आहे. पण व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांत साध्या साखरेचं विघटन ही गोळीच रोखून धरते. त्यांना ग्लुकोजची पूडच द्यावी लागते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही ओतू नये.

सुई आणि नवी इंजेक्शनं

आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतांत मिळतं : एका मिलिलीटरमध्ये ४० युनिटचं आणि १०० युनिटचं. ४० साठी लाल टोपणाची सिरिंज, १०० साठी नारिंगी. १०० चं इन्सुलिन चुकून लाल टोपणाच्या सिरिंजनं घेतलं, तर अंगात अडीचपट मात्रा जाते. किडनी किंवा नजर अधू असलेल्या माणसाला ही चूक जिवावर बेतू शकते. बाटली आणि सिरिंज एकाच वेळी, एकाच दुकानातून, जुळवून घ्यावी.

सेमाग्लुटाइडसारखी नवी औषधं वजन, हृदय आणि किडनी या तिन्हींना लाभ देतात. सेमाग्लुटाइडच्या २०२४ च्या चाचणीत किडनीचे गंभीर परिणाम २४ टक्क्यांनी घटले. पण डोळ्यांच्या पडद्याला आधीच इजा असेल आणि साखर फार वेगानं उतरली, तर ती इजा वाढू शकते. २०१६ च्या चाचणीत असे त्रास ३ टक्के रुग्णांत दिसले, औषध न घेणाऱ्यांत १.८ टक्के. म्हणून आधी डोळ्यांचा पडदा तपासावा. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आलेल्यांनी आणि जठराची हालचाल मंद असलेल्यांनी हे औषध टाळावं किंवा फार जपून घ्यावं. वजन घटवण्याच्या हौसेपायी ते परस्पर विकत घेणं हा जीवाशी खेळ आहे.

सगळ्या गोळ्या एकत्र पाहणारं कुणी आहे का?

वरची सगळी माहिती डॉक्टरांना असते. तरीही चुका होतात, कारण रुग्ण एका डॉक्टरकडे जात नाही. हृदयाचे वेगळे, किडनीचे वेगळे, हाडांचे वेगळे, शिवाय गल्लीतले फॅमिली डॉक्टर. प्रत्येक जण आपली चिठ्ठी लिहितो. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र ठेवून पाहणारा कुणीच नसतो. त्यात एकच औषध दोन वेगळ्या नावांनी दोन चिठ्ठ्यांवर येतं आणि रुग्ण इमानेइतबारे दोन्ही घेतो. शेजाऱ्यानं सांगितलेलं चूर्ण कुठल्याच चिठ्ठीवर नसतं. कारलं, गुडमार यांनी साखर आणखी उतरू शकते, आणि 'संपूर्ण वनस्पतीजन्य' म्हणून विकल्या गेलेल्या काही चूर्णांत ग्लिबेनक्लामाइड किंवा मेटफॉर्मिन मिसळलेलं जगात ठिकठिकाणी सापडलं आहे.

या औषधांना घाबरून ती सोडणं हा उपाय नव्हे. त्यातल्या बहुतेकांनी लाखो माणसांचं आयुष्य लांबवलं आहे, आणि साखर बेलगाम सोडण्याचा धोका कुठल्याही गोळीच्या धोक्याहून मोठा आहे. गोळी आणि शरीर यांची जोडी वर्षातून एकदा तरी नव्यानं जुळवून पाहणं, हाच खरा उपाय. त्यासाठी सरकारी आरोग्य केंद्रात साखरेइतक्याच सहजपणे ईजीएफआर आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी मिळायला हवी. औषध दुकानातल्या फार्मासिस्टला चिठ्ठीची तारीख विचारण्याचं बळ मिळायला हवं. औषधाचा त्रास झाला, तर तो कुणीही, अगदी रुग्णही, भारतीय औषधसुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवू शकतो. ही सोय पुष्कळांना ठाऊकच नाही.

आणि घराघरात एक काम आजच करता येईल. आई-वडिलांच्या सगळ्या गोळ्या, इन्सुलिन, चूर्ण, काढे, गुडघ्याचं मलम, झोपेची गोळी, सगळं एका पिशवीत भरा. एका कागदावर प्रत्येकाचं मूळ नाव, मात्रा आणि ती कोणत्या आजारासाठी आहे ते लिहा. खाली शेवटच्या किडनी तपासणीचा आकडा आणि तारीख टाका. ती पिशवी आणि तो कागद घेऊन पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर बसा आणि विचारा : 'आजच्या या शरीराला यातलं काय हवंय?' मागच्याच गोळ्या मागण्याआधी हा प्रश्न विचारा.